कर्ता एक की दोन : स्पॅनिशमधील भावरूप आणि आश्रितार्थ

१.

गाब्रिएल गार्सिआ मार्केस या कोलंबियन कादंबरीकाराच्या दोन ग्रंथांची शीर्षके शेजारी ठेवून प्रस्तुत विवेचनाला आरंभ करणे सोयीचे होईल. पहिले शीर्षक १९६१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या लघुकादंबरीचे आहे : ‘एल कोरोनेल नो तिएने किएन ले एस्क्रीबा’. दुसरे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाचे आहे : ‘बिबीर पारा कोन्तार्ला’. दुसऱ्या शीर्षकात ‘बिबीर’ (जगणे) आणि ‘कोन्तार’ (सांगणे) ही दोन क्रियावाचक रूपे येतात. दोहोंना पुरुष नाही, वचन नाही, काळही नाही. पहिल्या शीर्षकाच्या अखेरीस येणारे ‘एस्क्रीबा’ हे रूप मात्र पुरुष व वचन दाखवणारे आहे. तरीही ‘तो लिहितो’ असे विधान ते करीत नाही. ‘तो लिहितो’ या अर्थी स्पॅनिशमध्ये ‘एस्क्रीबे’ म्हणतात. शेवटचा ‘ए’ जाऊन तेथे ‘आ’ आला आहे आणि एवढ्याने वाक्याचा अर्थव्यापार बदलला आहे.

या लघुकादंबरीच्या इंग्रजी भाषांतराचे शीर्षक ‘कर्नलला कोणी पत्र लिहीत नाही’ अशा सरळ विधानाच्या रूपात आहे. मूळ शीर्षक पत्र लिहिण्याविषयी विधानच करीत नाही. त्यातील विधान ‘नो तिएने’, म्हणजे ‘त्याला नाही’, एवढेच आहे. जे नाही त्याचे वर्णन ‘एस्क्रीबा’ या रूपाने केलेले आहे. निवृत्तिवेतनाच्या पत्रासाठी दर शुक्रवारी टपालाची वाट पाहणाऱ्या वृद्ध कर्नलच्या कथेत हा भेद किरकोळ ठरत नाही. इंग्रजीतील कर्नलला पत्र येत नाही. स्पॅनिशमधील कर्नलला पत्र लिहू शकेल असे माणूसच नाही.

लॅटिन अमेरिकेतील साहित्य मराठी वाचकापर्यंत पुष्कळदा इंग्रजीच्या मध्यस्थीने पोहोचते. इंग्रजीत या दोन रूपांमधील भेद बव्हंशी पुसट झालेला असल्याने मूळ कृतीतील एक महत्त्वाचा अर्थघटक मराठीत येण्यापूर्वीच हरवतो. वस्तुतः मराठीपाशी हा भेद व्यक्त करण्याची साधने इंग्रजीपेक्षा अधिक आहेत. ती कोणती आणि स्पॅनिशमधील निवड कोणत्या तत्त्वांवर चालते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२.

प्रथम संज्ञांचा विचार करू. स्पॅनिश व्याकरणात ज्याला ‘इन्फिनितीबो’ म्हणतात ते रूप नेहमी ‘-आर’, ‘-एर’ किंवा ‘-ईर’ या प्रत्ययांनी संपते : ‘आब्लार’ (बोलणे), ‘कोमेर’ (खाणे), ‘सालीर’ (बाहेर जाणे). त्याच्या लॅटिन नावाचा अर्थ ‘अमर्यादित’ असा आहे. पुरुष व वचन यांची मर्यादा नसलेले ते रूप होय. आंद्रेस बेयो या व्हेनेझुएलात जन्मलेल्या आणि चिलीमध्ये कार्य केलेल्या वैयाकरणाने १८४७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या व्याकरणात या रूपाला क्रियापदात न गणता क्रियापदापासून साधलेले, नामाचे कार्य करणारे रूप मानले. मराठी व्याकरणपरंपरेतील ‘धातुसाधित’ या कल्पनेशी ही भूमिका सहज जुळते. प्रस्तुत लेखात या रूपाला ‘भावरूप’ म्हटले आहे.

‘सुब्खुन्तीबो’ या दुसऱ्या संज्ञेच्या मुळाशी ‘खाली जोडलेला’ असा अर्थ आहे. एका वाक्याच्या आश्रयाने असलेल्या दुसऱ्या वाक्यात हे रूप प्राधान्याने येते, म्हणून येथे त्याला ‘आश्रितार्थ’ म्हणू. मराठी व्याकरणात आख्याताचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ सांगण्याची परंपरा आहे. आश्रितार्थाला सरळ ‘विध्यर्थ’ म्हणण्याचा मोह होतो, तथापि तो टाळणे इष्ट. आश्रितार्थाचे क्षेत्र विध्यर्थापेक्षा बरेच विस्तृत आहे. शिवाय मराठीत जेथे विध्यर्थ येतो तेथे स्पॅनिशमध्ये प्रत्येक वेळी आश्रितार्थच येईल असेही नाही. दोहोंचा हा विषम संबंध पुढे स्पष्ट होईल. विधान करणाऱ्या साध्या आख्यातरूपासाठी ‘स्वार्थ’ ही रूढ संज्ञाच ठेवली आहे.

आश्रितार्थाची वर्तमानकाळी रूपे साधण्याची रीत स्थूलमानाने स्वरांच्या अदलाबदलीची आहे. ‘-आर’ने संपणाऱ्या धातूंत ‘आ’च्या जागी ‘ए’ येतो : ‘आब्ला’ (तो बोलतो), पण ‘आब्ले’ (त्याने बोलावे). ‘-एर’ व ‘-ईर’ने संपणाऱ्या धातूंत उलट घडते : ‘कोमे’ (तो खातो), पण ‘कोमा’ (त्याने खावे). एका धातूला जो स्वर वास्तवाचा वाचक तोच दुसऱ्या धातूला अवास्तवाचा वाचक ठरतो. लेखात लॅटिन अमेरिकेतील उच्चारांना जवळचे असे लेखन स्वीकारले आहे. त्या उच्चारात ‘व’ व ‘ब’ यांचा भेद नसल्याने सर्वत्र ‘ब’ लिहिला आहे.

३.

भावरूप की आश्रितार्थ, हा प्रश्न प्रथम उपस्थित होतो तो इच्छा, भीती, आनंद, आवश्यकता अशा भावना व्यक्त करणाऱ्या क्रियापदांनंतर. ‘किएरो सालीर’ म्हणजे ‘मला बाहेर जायचे आहे’. ‘किएरो के साल्गास’ म्हणजे ‘तू बाहेर जावेस अशी माझी इच्छा आहे’. पहिल्या वाक्यात इच्छा करणारा आणि बाहेर जाणारा एकच आहे. दुसऱ्यात ते दोघे भिन्न आहेत. कर्ता एक असेल तर भावरूप, कर्ते दोन असतील तर ‘के’ हे अव्यय आणि त्यानंतर आश्रितार्थ, हे या प्रकारच्या वाक्यांतील मूळ तत्त्व होय. ‘मी बाहेर जावे अशी माझी इच्छा आहे’ अशा रचनेचे वाक्य शब्दशः स्पॅनिशमध्ये करू गेल्यास ते अग्राह्य ठरते.

या तत्त्वामागील कारण रूपांच्या स्वरूपातच आहे. भावरूपाला स्वतःचा कर्ता दाखवणारा प्रत्यय नाही. त्याला कर्ता उसना घ्यावा लागतो आणि तो जवळच्या मुख्य क्रियापदाकडून मिळतो. ज्या वेळी वेगळा कर्ता अभिप्रेत असतो त्या वेळी ही उसनवारी चालत नाही. मग कर्ता दाखवणाऱ्या रूपाची गरज पडते. ‘साल्गा, साल्गास, साल्गा, साल्गामोस, साल्गान’ या रूपमालेतील प्रत्यय ते काम करतात. अर्थात प्रथमपुरुषी व तृतीयपुरुषी एकवचनाचे रूप येथे एकच असल्याने संदर्भाची मदत घ्यावी लागते.

इंग्रजीतून स्पॅनिशकडे जाणाऱ्या अभ्यासकाला हा भेद नव्याने शिकावा लागतो, कारण इंग्रजीत इच्छावाचक क्रियापदानंतर दोन्ही ठिकाणी तेच भावरूप चालते. मराठी भाषकाच्या बाबतीत तशी स्थिती नाही. ‘मला जावेसे वाटते’ आणि ‘त्याने जावे असे मला वाटते’ ही दोन वाक्ये पाहावीत. जाणारा आणि वाटून घेणारा एकच असेल तेव्हा ‘जावे’ व ‘असे’ यांचा सांधा होऊन ‘जावेसे’ हे एकजीव रूप तयार होते. कर्ता वेगळा झाला की हा सांधा सुटतो. ‘त्याने जावेसे मला वाटते’ असे कोणी मराठी भाषक म्हणत नाही. ‘जायचे आहे’ या रचनेतही जाणारा आणि इच्छिणारा एकच असतो. एककर्तृकतेची जाणीव मराठीच्या अंगवळणी पडलेली आहे. मात्र ‘मी जावे असे मला वाटते’ हे वाक्य मराठीत औचित्याच्या अर्थाने शक्य असते, एवढा फरक ध्यानात ठेवला पाहिजे.

हेच तत्त्व सामान्य विधानांनाही लागू पडते. ‘एस नेसेसारिओ एस्तुदिआर’ म्हणजे ‘अभ्यास करणे आवश्यक आहे’. येथे कर्ता कोणीही असू शकतो. ‘एस नेसेसारिओ के एस्तुदिएस’ म्हणजे ‘तू अभ्यास करावास हे आवश्यक आहे’. उपदेश सर्वांना आहे की समोरच्या व्यक्तीला, हे रूपावरून कळते. संवादाचा सूर ठरवताना कथाकार या भेदाचा उपयोग करून घेतो. पात्राने सार्वत्रिक सत्याच्या आडून बोलणे आणि थेट बोट दाखवणे यांत जे अंतर असते ते या दोन रूपांत आहे.

भावरूपाला कर्ता नसणे ही सर्वच रोमान्स भाषांतील स्थिती नाही. स्पॅनिशची निकटची भगिनी असलेल्या पोर्तुगीज भाषेत भावरूपालाही पुरुषवाचक प्रत्यय लागू शकतात. ‘पारा इर’ (जाण्यासाठी) या रचनेला प्रथमपुरुषी अनेकवचनाचा प्रत्यय लावून ‘पारा इर्मुश’ (आम्ही जावे यासाठी) असे म्हणता येते. गोव्यातील जुन्या दस्तऐवजांमुळे वा कौटुंबिक परंपरेमुळे ज्या अभ्यासकांचा पोर्तुगीजशी परिचय आहे त्यांनी स्पॅनिश वाचताना ही सवय बाजूला ठेवणे अगत्याचे आहे. जे काम पोर्तुगीज प्रत्ययुक्त भावरूपाकडून करून घेऊ शकते त्यासाठी स्पॅनिशला बहुधा आश्रितार्थाकडे वळावे लागते.

४.

आज्ञा, अनुज्ञा व निषेध दर्शवणाऱ्या क्रियापदांच्या बाबतीत वरील तत्त्वाला अपवाद दिसतो. ‘मे मांदो सालीर’ म्हणजे ‘त्याने मला बाहेर जाण्याची आज्ञा केली’. आज्ञा करणारा एक आणि जाणारा दुसरा, तरीही येथे भावरूप आले आहे. ‘मे देखो इर’ म्हणजे ‘त्याने मला जाऊ दिले’. येथेही तेच. परवानगी देणे, मनाई करणे, सल्ला देणे या अर्थाच्या क्रियापदांनंतर भावरूप आणि आश्रितार्थ हे दोन्ही पर्याय उपलब्ध असतात.

बारकाईने पाहता हा तत्त्वाचा भंग नसून विस्तार आहे. ‘मे’ (मला) हे सर्वनाम मुख्य क्रियापदाजवळच उभे आहे आणि ज्याला आज्ञा झाली तोच जाणार, हे त्यावरून उघड होते. भावरूपाला कर्ता उसना मिळाला आहे, फक्त तो मुख्य क्रियापदाच्या कर्त्याकडून न मिळता कर्माकडून मिळाला आहे. म्हणून तत्त्व असे मांडता येईल : मुख्य वाक्यातून भावरूपाचा कर्ता निःसंदिग्धपणे मिळत असेल तर भावरूप शक्य होते. मराठीतील ‘मला जाऊ दिले’, ‘मला जायला लावले’ या रचनाही याच मार्गाने जातात.

तथापि प्रत्येक क्रियापदाचा आपला स्वभाव असतो. ‘देसीर’ (सांगणे) हे क्रियापद आज्ञेच्या अर्थाने वापरले असता प्रमाण स्पॅनिशमध्ये त्यानंतर भावरूप येत नाही. त्यामुळे एक लक्षणीय भेद निर्माण होतो. ‘दीसे के बिएने’ म्हणजे ‘तो येत असल्याचे सांगतो’. ‘दीसे के बेंगा’ म्हणजे ‘यावे, असे तो सांगतो’. पहिल्यात वार्ता आहे, दुसऱ्यात आज्ञा. मुख्य क्रियापद तेच, अव्यय तेच. केवळ आश्रित क्रियापदाच्या रूपाने सांगणे वार्तेचे की हुकमाचे हे ठरते. मराठीत ‘तो येतो असे सांगतो’ आणि ‘यावे असे सांगतो’ यांत अगदी हाच भेद आहे. निवेदक पात्रांचे बोलणे अप्रत्यक्षपणे देत असेल तेव्हा भाषांतरकाराने येथे विशेष सावध राहिले पाहिजे.

५.

कर्ते दोन आहेत, म्हणून भावरूप नको, एवढे ठरल्यानंतर दुसरा प्रश्न उभा राहतो : आश्रितार्थ की स्वार्थ? ‘क्रेओ के बिएने’ (तो येईल असे मला वाटते) यात स्वार्थ आहे. ‘नो क्रेओ के बेंगा’ (तो येईल असे मला वाटत नाही) यात आश्रितार्थ आहे. अशी उदाहरणे पाहून आश्रितार्थ म्हणजे संशयाचे रूप, असे समीकरण पाठ्यपुस्तकांत पुष्कळदा मांडले जाते. ते अपुरे आहे.

‘मे आलेग्रो दे के बेंगास’ म्हणजे ‘तू येतोस याचा मला आनंद वाटतो’. येथे येण्याविषयी काहीही संशय नाही. येणारा दारात उभा असतानाही हे वाक्य बोलता येते. तरीही रूप आश्रितार्थाचे आहे. याचे स्पष्टीकरण संशय या कल्पनेने होत नाही, विधान या कल्पनेने होते. बोलणारा ‘तू येतोस’ ही बातमी देत नसतो. ती दोघांनाही ठाऊक आहे. तो विधान करतो ते आपल्या आनंदाविषयी. जी गोष्ट वाक्यात केवळ गृहीत, इच्छित, नाकारलेली किंवा प्रलंबित असते, पण सत्य म्हणून मांडलेली नसते, तिच्यासाठी आश्रितार्थ येतो, असे म्हटल्यास या सर्व उदाहरणांची संगती लागते.

अशा भावनादर्शक वाक्यांत मराठी विध्यर्थाकडे वळत नाही. ‘तू यावेस याचा मला आनंद वाटतो’ हे वाक्य मराठी कानाला खटकते. मराठीत ‘तू आलास याचा आनंद’ अशी स्वार्थाची किंवा ‘तुझ्या येण्याचा आनंद’ अशी धातुसाधिताची रचना होते. ‘तुझ्या येण्याचा’ ही रचना तर अविधानाचे काम उत्तम रीतीने करते, कारण तिच्यात घटना नामरूप होऊन जाते आणि विधानाला जागाच उरत नाही. एककर्तृक वाक्यात मात्र स्पॅनिशही भावरूपाकडेच जाते : ‘मे आलेग्रो दे बेर्ते’, म्हणजे ‘तुला भेटून आनंद झाला’. येथे मराठीत आलेले ‘भेटून’ हे ‘-ऊन’ प्रत्ययान्त रूपही सामान्यतः एकाच कर्त्याची अपेक्षा करते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

एककर्तृकतेच्या तत्त्वाची मर्यादाही येथेच नोंदवणे उचित होईल. जेथे आश्रित वाक्यात एरवी स्वार्थ येतो तेथे कर्ता एक असला तरी भावरूप सक्तीचे नसते. ‘माझे बरोबर आहे असे मला वाटते’ या अर्थी ‘क्रेओ के तेंगो रासोन’ हे स्वार्थाचे वाक्य नित्याचे आहे. ‘क्रेओ तेनेर रासोन’ हे भावरूपाचे वाक्य अधिक औपचारिक आहे. संशयवाचक ‘दुदार’ या क्रियापदानंतर तर कर्ता एक असतानाही आश्रितार्थ येऊ शकतो. ‘दुदो के पुएदा इर’ या वाक्यात जाऊ शकण्याविषयीचा संशय स्वतःबद्दल आहे की दुसऱ्याबद्दल, हे संदर्भच सांगतो. भावरूपाची सक्ती प्रामुख्याने इच्छा आणि भावना यांच्या क्षेत्रात आहे.

६.

हेतू व काळ दाखवणाऱ्या रचनांत स्पॅनिश आणि मराठी यांचे साम्य अधिक ठळक होते. ‘पारा’ (साठी) या शब्दयोगी पदानंतर कर्ता एक असल्यास भावरूप आणि कर्ते भिन्न असल्यास ‘पारा के’ व आश्रितार्थ अशी व्यवस्था आहे. मराठीत ‘मी तुला भेटण्यासाठी आलो’ आणि ‘तू मला भेटावेस म्हणून मी आलो’ असे म्हटले जाते. नकारातही मराठी ‘तो येऊ नये म्हणून’ अशी रचना करते. ‘बिबीर पारा कोन्तार्ला’ या शीर्षकात जगणारा आणि सांगणारा एकच आहे, हे केवळ भावरूपामुळे कळते. जगणे एकाचे आणि सांगणे दुसऱ्याचे असते तर ‘पारा के’ आणि आश्रितार्थ यांची योजना करावी लागली असती. मग तो ग्रंथ आत्मकथन न राहता चरित्र झाला असता. ‘ती सांगण्यासाठी जगणे’ असे शब्दशः मराठी केल्यास एककर्तृकता शाबूत राहते. इंग्रजी शीर्षकातही ती टिकली आहे.

‘आंतेस दे’ (पूर्वी) या पदाच्या बाबतीत हीच व्यवस्था आहे. ‘क्वांदो’ (जेव्हा) या पदानंतर मात्र भावरूप येत नाही. तेथे निवड स्वार्थ व आश्रितार्थ यांत असते. ‘क्वांदो येगास’ म्हणजे ‘तू येतोस तेव्हा’, म्हणजे नेहमी. ‘क्वांदो येगेस’ म्हणजे ‘तू येशील तेव्हा’, म्हणजे अजून न घडलेले येणे. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच वर्तमानकालीन रूप येते. मराठीत ‘येतोस’ आणि ‘येशील’ असा स्पष्ट भेद आहे. स्पॅनिश आश्रितार्थाची जागा येथे मराठी भविष्यकाळाने घेतली आहे, विध्यर्थाने नव्हे. ‘आउंके’ (जरी) या पदानंतरही असेच घडते. ‘आउंके युएबे’ म्हणजे ‘पाऊस पडतो आहे तरी’. ‘आउंके युएबा’ म्हणजे ‘पाऊस पडला तरी’. येथे मराठीत भूतकाळाचे रूप न घडलेल्या गोष्टीसाठी योजले जाते.

मराठीची बाजू लंगडी पडते ती ‘आस्ता के’ (पर्यंत) या पदाच्या वेळी. ‘तो येईपर्यंत थांब’ या वाक्यातील येणे अद्याप व्हायचे आहे, म्हणून स्पॅनिशमध्ये ‘आस्ता के बेंगा’ असा आश्रितार्थ येतो. ‘तो येईपर्यंत मी थांबलो’ या वाक्यातील येणे घडून गेले आहे, म्हणून तेथे ‘आस्ता के बीनो’ असा स्वार्थ येतो. मराठीत दोन्हीकडे ‘येईपर्यंत’ हेच रूप आहे. प्रतीक्षा ज्या कथेचा विषय आहे तेथे, ज्याची वाट पाहिली तो आला की नाही, हे स्पॅनिश वाक्य क्रियापदाच्या रूपाने सांगून टाकते. मराठी भाषांतरकाराला ते अन्य मार्गाने सांगावे लागेल.

७.

आता पहिल्या शीर्षकाकडे वळू. नामाचे विशेषण म्हणून येणाऱ्या संबंधी वाक्यात आश्रितार्थाचे कार्य सर्वांत सूक्ष्म असते. ‘बुस्को उना कासा के तिएने खार्दीन’ म्हणणाऱ्याला विशिष्ट, बाग असलेले घर ठाऊक आहे आणि तो ते शोधतो आहे. ‘बुस्को उना कासा के तेंगा खार्दीन’ म्हणणाऱ्याला बाग असेल असे कोणतेही घर चालेल. तसे घर अस्तित्वात आहे याची हमी दुसरे वाक्य देत नाही. मराठीत ‘बाग असलेले घर’ आणि ‘बाग असेल असे घर’ असा भेद करता येतो. ‘असेल असे’ ही जोडी येथे आश्रितार्थाचे काम करते.

ज्याचे अस्तित्वच नाकारले आहे त्याचे वर्णन करताना आश्रितार्थ अनिवार्य होतो. ‘किएन ले एस्क्रीबा’ मधील ‘एस्क्रीबा’ अशाच न-अस्तित्वातील लेखकाचे क्रियापद आहे. पण येथेही कर्ता एक की दोन हा प्रश्न दडलेला आहे. शीर्षकात कर्नल वेगळा आणि लिहिणारा (जो नाही तो) वेगळा. लिहिणारा स्वतः कर्नल असता तर वाक्य असे झाले असते : ‘एल कोरोनेल नो तिएने आ किएन एस्क्रिबीर’, म्हणजे ‘ज्याला पत्र लिहावे असे कर्नलला कोणी नाही’. कर्ता एक होताच आश्रितार्थ जाऊन भावरूप आले. अर्थाची दिशाही उलटली. पत्राची वाट पाहणारा माणूस पत्र कोणाला पाठवावे या विवंचनेत असलेला माणूस झाला.

या कल्पित वाक्याच्या मराठी रूपात ‘लिहावे’ हा विध्यर्थ आला आहे, हे ध्यानात घ्यावे. स्पॅनिशमध्ये भावरूप, मराठीत विध्यर्थ. ‘नो से के आसेर’ (काय करावे ते कळत नाही), ‘नो से आदोन्दे इर’ (कुठे जावे ते कळत नाही) या वाक्यांतही तसेच आहे. एककर्तृक प्रश्नार्थक आश्रित वाक्यांत स्पॅनिश भावरूप योजते, तर मराठी विध्यर्थ. मराठीतील ‘-आवे’ दिसले की स्पॅनिशमध्ये आश्रितार्थ, असे यांत्रिक समीकरण का चालत नाही, याचे हे बोलके उदाहरण आहे.

८.

आतापर्यंतच्या विवेचनावरून आश्रितार्थाची मराठीतील प्रतिरूपे एकत्र मांडता येतात. इच्छा, हेतू व आज्ञा या अर्थी विध्यर्थ येतो (यावे, जावेस). अद्याप न घडलेला काळ किंवा अनिश्चित अस्तित्व या अर्थी भविष्यकाळ येतो (येशील तेव्हा, असेल असे). गृहीत धरलेल्या घटनेविषयीच्या भावनेत धातुसाधित किंवा स्वार्थ येतो (येण्याचा, आलास याचा). प्रार्थना व आशीर्वाद या अर्थी आज्ञार्थाचे ‘-ओ’ प्रत्ययान्त रूप येते. ‘ओखाला बेंगा’ म्हणजे ‘देव करो आणि तो येवो’. यातील ‘ओखाला’ हा शब्द स्पेनमधील अरबीतून आलेला असून त्याच्या मुळाशी ईश्वरेच्छेचाच उल्लेख आहे. मृत व्यक्तीविषयी स्पॅनिश भाषक ‘के एन पास देस्कान्से’ म्हणतात, मराठी भाषक ‘शांती लाभो’ म्हणतात.

एका रूपाचे काम मराठीत चार-पाच रूपांत विभागले गेले आहे. त्यामुळे मराठीत अर्थच्छटा अधिक नेमक्या होतात, परंतु ‘हे विधान नव्हे’ एवढीच सूचना देऊन थांबण्याची जी सोय आश्रितार्थात आहे ती मराठीत नाही. मराठी भाषांतरकाराला दर वेळी इच्छा, शक्यता की प्रतीक्षा, हे ठरवावेच लागते. मूळ लेखकाने जे मुद्दाम अनिर्णित ठेवले असेल तेथे हा निर्णय अर्थनिर्णयनच ठरतो.

काळाच्या बाबतीत आणखी एक भेद आहे. मुख्य क्रियापद भूतकाळी असेल तर आश्रितार्थही सामान्यतः भूतकाळी होतो : ‘केरीआ के बिनिएरास’ किंवा ‘बिनिएसेस’ (तू यावेस अशी माझी इच्छा होती). या दोन पर्यायी रूपांपैकी पहिले लॅटिनमधील स्वार्थाच्या पूर्णभूतकाळातून आणि दुसरे त्याच काळाच्या आश्रितार्थातून आले आहे. बहुतेक ठिकाणी ती एकमेकांच्या जागी येऊ शकतात. भावरूप मात्र बदलत नाही : ‘किएरो सालीर’, ‘केरीआ सालीर’. मराठीतील ‘यावेस’ हे रूपही ‘इच्छा आहे’ व ‘इच्छा होती’ या दोहोंपुढे अविकृत राहते. काळाविषयी उदासीन असण्यात मराठी विध्यर्थ स्पॅनिश आश्रितार्थापेक्षा भावरूपाच्या जवळ जातो.

९.

स्पॅनिश वाक्य वाचताना अभ्यासकाने दोन प्रश्न क्रमाने विचारावेत. पहिला : मुख्य क्रिया आणि आश्रित क्रिया यांचा कर्ता एक आहे की दोन? एक असेल, किंवा मुख्य वाक्यातून निःसंदिग्धपणे मिळत असेल, तर भावरूपाची अपेक्षा धरावी. दुसरा : कर्ते दोन असतील तर आश्रित घटना सत्य म्हणून मांडली आहे काय? मांडली असेल तर स्वार्थ, नसेल तर आश्रितार्थ. क्रियापदांचे वैयक्तिक स्वभाव आणि प्रदेशपरत्वे होणारे बदल यांमुळे या दोन प्रश्नांची उत्तरे नेहमीच एका फटक्यात मिळत नाहीत. तरीही साहित्यकृतीच्या वाचनात ते पुरेसे मार्गदर्शक ठरतात.

भाषांतरित कृतींवर आधारलेल्या तौलनिक अभ्यासात पात्रांची इच्छा, आशा, हतबलता यांविषयी निष्कर्ष काढले जातात. ते निष्कर्ष ज्या वाक्यांवर उभे असतात त्यांतील क्रियापदांचे अर्थ मध्यस्थ भाषेत सपाट झाले आहेत काय, हे तपासणे हा अभ्यासपद्धतीचा भाग असला पाहिजे. ‘कर्नलला कोणी पत्र लिहीत नाही’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे, परंतु ते इंग्रजीचे भाषांतर आहे. स्पॅनिशवरून केलेले मराठी ‘कर्नलला पत्र लिहील असे कोणी नाही’ असे होईल. त्यासाठी मराठीला कोणतीही नवी रचना घडवावी लागत नाही. ‘लिहील असे’ ही जोडी आपल्या रोजच्या बोलण्यातली आहे.